परजीवी आणि कॅन्सर : मारायचे की पाळायचे?

अर्धवटराव (धागाकर्ता)

मंडळी,

सोमवारी घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मावसभावाने एक फॉरवर्ड टाकला : कॅन्सर म्हणजे शरीरात माजलेले परजीवीच, जंताचं औषध घ्या आणि केमोला रामराम ठोका. गुरुवारी त्याच पठ्ठ्याने दुसरा टाकला : परजीवी कॅन्सरची गाठ खाऊन टाकतात, परदेशात सिद्ध झालंय. मी विचारलं, अरे बाबा, मग मारायचे की पाळायचे? त्यावर नुसता अंगठा आला.

हसून सोडून दिलं असतं. पण त्याच ग्रुपवर आमची आत्या आहे आणि तिची केमो सुरू आहे. ती सगळं वाचते. तिने रात्री फोन करून विचारलं, "यातलं खरं किती रे?" मी पडलो कॉमर्सवाला. दोन रात्री बसून जे हाती लागलं ते इथे टाकतोय, चुकलं तर कान पकडा.

पहिला फॉरवर्ड बाद. कॅन्सर जवळजवळ नेहमी आपल्याच पेशींचा असतो, बाहेरून आलेल्या कुणाचा नाही. दुसऱ्यात मात्र थोडं तथ्य निघालं, फक्त ते 'खाण्या'चं नाही. अमेरिकेत डार्टमथला डेव्हिड बझिक आणि बार्बरा फॉक्स यांच्या गटाने टोक्सोप्लाझ्मा गोंडी या एकपेशीय परजीवीचा एक पांगळा वाण तयार केला. २०१३ मध्ये त्यांनी तो उंदरांवर वापरून पाहिला, त्वचेच्या मेलॅनोमा या कॅन्सरवर आणि बीजाशयाच्या कॅन्सरवर. गाठी आटल्या. मला कळलं ते असं की परजीवी गाठीला तोंडही लावत नाही, त्याच्या येण्याने उंदराची स्वतःची प्रतिकारशक्ती गाठीवर तुटून पडते.

पण 'पांगळा' म्हणजे काय केलं? आणि प्रतिकारशक्ती परजीवीवर चिडायच्या ऐवजी गाठीवर का चिडते? जाणकारांनी लिहावं.

कंदील

काट्याने काटा. वाचतोय.

तिरपागडा

काटा पायात गेल्यावर त्याची पोरंबाळं होत नाहीत हो. परजीवीची होतात.

सूक्ष्मदर्शी

टोक्सोवर काही वर्षं काम केलंय (कॅन्सरवर नाही), म्हणून लिहिते. लांबेल.

आधी तो दिसतो कसा ते. काचेच्या तळाच्या डबीत माणसाच्या त्वचेच्या पेशी वाढवतात, एकथरी, अंथरल्यासारख्या. त्यावर परजीवी सोडायचे आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसायचं. टोक्सो चंद्रकोरीसारखा असतो. नावही त्यावरूनच, ग्रीकमध्ये टोक्सॉन म्हणजे धनुष्य. तो काचेवरून घसरत येतो, टोकदार बाजू पेशीला टेकवतो, क्षणभर कंबरेत आवळल्यासारखा होतो आणि अर्ध्या मिनिटाच्या आत गेलेला असतो. पेशी फुटत नाही. जाताना तो तिचंच आवरण आत ओढत नेतो आणि त्याची स्वतःभोवती खोली करून घेतो. त्या खोलीत मग एकाचे दोन, दोनाचे चार, चाराचे आठ. पाकळ्यांसारखे गोल मांडून बसलेले दिसतात. दोनेक दिवसांत पेशी फोडून बाहेर, की शेजारच्या पेशीत.

आता पांगळेपण. डीएनए-आरएनए घडवायला युरॅसिल लागतं. टोक्सो ते स्वतः बनवतो. बझिक-फॉक्स यांनी त्या कारखान्यातल्या पहिल्या पायरीचं एन्झाइमच काढून टाकलं. हे काम २००२ मध्ये प्रसिद्ध झालं आणि तेव्हा डोक्यात कॅन्सर नव्हता, लस होती. प्रयोगशाळेत वाढवताना पोषकद्रवात युरॅसिल टाकलं की हा वाण झकास वाढतो. शरीरात त्याला पुरेल एवढं मिळत नाही. त्यामुळे तो पेशीत शिरतो, खोली करतो आणि बसून राहतो. मूळ वाणाच्या डबीत दुसऱ्या दिवशी पाकळ्याच पाकळ्या दिसतात. या वाणात प्रत्येक खोलीत एकेकटाच. बघताना थोडी दयाही येते.

तुमचा दुसरा प्रश्न खरा कळीचा आहे. गाठ म्हणजे नुसत्या कॅन्सरच्या पेशी नसतात. तिच्यात आपल्याच डेंड्रिटिक पेशी आणि मॅक्रोफेज असतात. एरवी यांचं काम संशयास्पद तुकडे उचलून टी पेशींना, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या शिपायांना, दाखवायचं. गाठीतल्या वातावरणात त्या ढेपाळलेल्या असतात, काही तर उलट गाठीलाच सांभाळून घेतात. टी पेशी आसपास असल्या तरी त्यांना कुणी काही दाखवतच नाही. पांगळा टोक्सो गाठीत टोचला की तो मुख्यतः या दाखवणाऱ्या पेशींमध्ये शिरतो. शिरला की त्या खडबडून जाग्या होतात. टी पेशीला 'हे खरंच घे' असं सांगणारे सीडी८० आणि सीडी८६ हे रेणू अंगावर चढवतात, इंटरल्यूकिन-१२ हा इशारा सोडतात, त्यावर टी पेशी आणि एनके या मारक पेशी इंटरफेरॉन गॅमा हा पुढचा इशारा ओततात. हा सगळा थयथयाट परजीवीसाठीच असतो. पण त्या पेशींच्या हातात आधीपासून गाठीचेही तुकडे असतात, तेही आता नीट दाखवले जातात. म्हणजे गाठीवर चिडणं हा ओघात झालेला फायदा आहे. उंदरांमध्ये गाठ गेल्यावर तोच कॅन्सर पुन्हा टोचला तर तो धरला नाही, म्हणजे स्मृतीही तयार झाली.

अर्धवटराव

सूक्ष्मदर्शीताई, दंडवत. 'हातात आधीपासून गाठीचेही तुकडे असतात' इथे माझी ट्यूब पेटली.

ओवी

मूर्ख प्रश्न असेल. गरोदरपणात तपासणीत मला टोक्सोच्या अँटिबॉडी निघाल्या होत्या, जुना संसर्ग म्हणाले. म्हणजे मला आयतं कवच मिळालं का?

सूक्ष्मदर्शी

नाही हो. जुना संसर्ग म्हणजे परजीवी मेंदूत आणि स्नायूंत गाठोडं बांधून झोपलेला. तो गप्प असतो, गाठीत जाऊन काही जागं करत नाही. जगातल्या साधारण एक तृतीयांश लोकांत तो असा असतो असा अंदाज आहे आणि त्यांना कॅन्सर व्हायचा राहत नाही. प्रयोगात तो नेमका गाठीत किंवा गाठ असलेल्या पोकळीत सोडतात, आणि वेगळा वाण सोडतात.

उलट अर्धवटरावांच्या आत्यांसाठी एक गोष्ट ठळक अक्षरांत : केमोने पांढऱ्या पेशी उतरल्या असताना खरा, धडधाकट टोक्सो जिवावर बेतू शकतो. झोपलेला उठून मेंदूला सूज आणू शकतो. घरात मांजर असेल तर तिची विष्ठा त्यांनी काढू नये, मांस कच्चट खाऊ नये. बाकी त्यांचे डॉक्टर सांगतील ते.

तिरपागडा

धागा फार गोडगोड व्हायला लागलाय म्हणून मीठ टाकतो.

परजीवी कॅन्सर बरा करतात म्हणणाऱ्यांना हे सांगा की काही परजीवी कॅन्सर करतात, आणि हे उंदरांपुरतं नाही. शिस्टोसोमा हिमॅटोबियम हा कृमी मूत्राशयाचा कॅन्सर करतो. ओपिस्थॉर्किस आणि क्लोनॉर्किस हे यकृतातले चपटे कृमी पित्तनलिकेचा. तिन्ही जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेच्या पहिल्या गटात आहेत, म्हणजे तंबाखूच्या पंगतीत. वर्षानुवर्षं अंडी आणि जखमा, सूज आणि भरणं, पुन्हा सूज. त्यातून पेशी बिघडतात.

आणि सगळ्यात अंगावर काटा आणणारी केस २०१५ ची. कोलंबियातला ४१ वर्षांचा एक माणूस, एचआयव्ही, औषधं बंद. फुफ्फुसात आणि लसिकाग्रंथींमध्ये कॅन्सर. पण पेशी बघितल्या तर माणसाच्या मानाने फारच लहान. डीएनए तपासला तर पट्टकृमीचा! हायमेनोलेपिस नाना नावाच्या बुटक्या पट्टकृमीच्या पेशींनाच कॅन्सर झाला होता आणि तो याच्या अंगात पसरला होता.

तेव्हा 'परजीवी' असा एकच शब्द वापरून कुणी काही सांगायला लागलं की पहिलं विचारा, कोणता?

रानवारा

+१. 'कोणता' हा प्रश्न प्रतिकारशक्तीही विचारते. टोक्सो, मलेरिया हे पेशीच्या आत राहणारे. त्यांच्यावर शरीर इंटरफेरॉनवालं, मारक पेशींचं उत्तर देतं, आणि तेच कॅन्सरवर लागतं. आतड्यातले लांबडे कृमी पेशीत मावणारच नाहीत. त्यांच्यावर वेगळंच उत्तर येतं, खाजवा-शिंका-चिकटा टाइप, आणि शिवाय हे कृमी यजमानाची प्रतिकारशक्ती चेपून ठेवण्यात पटाईत. ऍलर्जीवाल्यांना त्याचं कौतुक वाटतं. कॅन्सरमध्ये तेच नडण्याची भीती जास्त. त्यामुळे 'पोटात जंत असू दे, चांगले असतात' हे या विषयावरून निघत नाही.

मलेरियाबद्दल. चीनमध्ये ग्वांगझूच्या शिआओपिंग चेन यांच्या गटाने २०११ मध्ये फुफ्फुसाच्या कॅन्सरच्या उंदरांना उंदरांचा मलेरिया दिला. गाठी सावकाश वाढल्या, पसरणं कमी झालं, उंदीर जास्त जगले. नंतर त्यांनी शेवटच्या टप्प्यातल्या रुग्णांवर व्हायवॅक्स जातीच्या मलेरियाच्या चाचण्या सुरू केल्या, ताप काही आठवडे राहू द्यायचा आणि मग मलेरियाचं औषध देऊन थांबवायचा. २०१९ ला त्यावर बातम्यांचा पूर आला होता, चाचण्या हातात येण्याआधीच. आजही ते कुठेही मान्य उपचार नाहीत. आणि मलेरियाची दुसरी बाजूही आहेच : आफ्रिकेत मुलांना होणाऱ्या बर्किट लिम्फोमा या कॅन्सरमागे एपस्टाइन-बार विषाणूच्या जोडीला फाल्सिपेरम जातीच्या मलेरियाचा हात असतो.

मला जास्त भावलेली गोष्ट वेगळी. गरोदरपणात फाल्सिपेरमने बाधित तांबड्या पेशी वारेला (प्लॅसेंटाला) चिकटून बसतात. त्यासाठी परजीवी त्यांच्या पृष्ठभागावर व्हीएआर२सीएसए नावाचं प्रथिन काढतो, आणि ते वारेतल्या एका विशिष्ट साखर-साखळीला पकडतं. कोपनहेगनचे अली सालांती खरं तर गरोदर बायकांसाठी मलेरियाची लस शोधत होते. त्यांना आणि व्हँकुव्हरच्या मॅड्स डाउगार्ड यांना दिसलं की तीच साखळी बहुतेक कॅन्सरच्या पेशींवरही आहे. वारही झपाट्याने वाढते, आजूबाजूच्या ऊतीत घुसते, गाठही तेच करते. २०१५ मध्ये त्यांनी त्या प्रथिनाला घटसर्पाचं विष जोडून उंदरांतल्या गाठींवर सोडलं आणि गाठी रोखल्या. इथे परजीवी आलाच नाही, फक्त त्याचा आकडा उसना घेतला. पुढे त्याच आकड्याने रक्तात फिरणाऱ्या तुरळक कॅन्सरपेशी पकडूनही दाखवल्या.

कंदील

हे वारेचं भन्नाट आहे. वेगळा धागा काढा.

जुनापुराणा

पोरांनो, हे सगळं नवं नाही.

१९१७ साली व्हिएन्नात युलिउस वॅगनर-याउरेग यांनी मेंदूत गेलेल्या गरमी (सिफिलिस) रोगाच्या रुग्णांना मुद्दाम मलेरिया दिला. मलेरिया झालेल्या एका सैनिकाचं रक्त काढून टोचलं. तापाचे काही झटके येऊ द्यायचे, मग क्विनीन. काही रुग्ण तापानेच दगावत, पण रोग तसाही मरणाचाच होता. पेनिसिलीन आल्यावर ते मागे पडलं. त्यांना १९२७ चं नोबेल मिळालं.

आता गंमत ऐका. १९२६ चं नोबेल राखून ठेवलं होतं, तेही १९२७ मध्येच दिलं गेलं. कुणाला? डेन्मार्कच्या योहानेस फिबिगर यांना. कशासाठी? झुरळांतून उंदरांच्या पोटात जाणारा एक कृमी जठराचा कॅन्सर करतो, या शोधासाठी. म्हणजे एकाच डिसेंबरात स्टॉकहोममध्ये एक बक्षीस 'परजीवी बरं करतो' याला आणि एक 'परजीवी कॅन्सर करतो' याला. अर्धवटराव, तुमचा मावसभाव शंभर वर्षं उशिरा जन्मला. पुढे कळलं की फिबिगर यांच्या उंदरांतला बिघाड मुख्यतः अ जीवनसत्त्वाच्या अभावाचा होता, कृमीचा नव्हे. त्यांना ते कळायचंच राहिलं. जानेवारी १९२८ मध्ये ते गेले, त्यांना स्वतःला आतड्याचा कॅन्सर होता.

तिसरी गोष्ट सोव्हिएत. ग्रिगोरी रॉस्किन आणि त्यांची पत्नी नीना क्ल्युएव्हा यांनी ट्रिपॅनोसोमा क्रूझी, म्हणजे चागास रोगाचा परजीवी, त्याच्या अर्कातून कॅन्सरवर औषध करायला घेतलं. नाव केआर, दोघांच्या आडनावांवरून. महायुद्ध नुकतंच संपलेलं. १९४६ मध्ये अमेरिकेचा राजदूत प्रयोगशाळा बघायला आला, आणि वासिली पारिन हे वैद्यकीय अकादमीचे सचिव त्यांचं हस्तलिखित आणि औषधाच्या कुप्या अमेरिकेला घेऊन गेले. परत आले तर स्टॅलिनची मर्जी फिरलेली. १९४७ मध्ये दोघा शास्त्रज्ञांना 'सन्मान न्यायालया'समोर उभं केलं, आणि पारिन यांना हेर ठरवून २५ वर्षांची शिक्षा. स्टॅलिन गेल्यावर १९५३ मध्ये सुटले. औषध काही उभं राहिलं नाही. चर्चा मात्र औषधापेक्षा 'गुपित फोडलं' याचीच झाली.

तिरपागडा

काका, तुमच्यासाठी धागा वर ठेवायला पाहिजे.

काठावरचा

इतके दिवस नुसता वाचत होतो, आज लिहितो. हे 'जंतू टोचून कॅन्सर' माझ्यावर झालंय. मूत्राशयाचा होता, वरवरच्या थरातला. गाठ दुर्बिणीतून खरवडून काढली आणि मग बीसीजी. होय, दंडावर देतात तीच क्षयाची लस.

आठवड्यातून एकदा, सहा आठवडे. आदल्या रात्रीपासून पाणी कमी. नळी घालून ते ढगाळ पाणी मूत्राशयात सोडतात, नळी काढतात, आणि दोन तास लघवी करायची नाही. मला दर पंधरा मिनिटांनी कूस बदलायला सांगितलं होतं, पाठ, डावी, पोट, उजवी, म्हणजे सगळीकडे लागावं म्हणून. पहिल्या तासात काही वाटत नाही. दुसऱ्या तासात घड्याळ बघत बसतो माणूस. नंतर घरी सहा तास दर वेळी बसूनच लघवी, वर ब्लीच ओतून थोडं थांबून मगच फ्लश. कारण जंतू जिवंत असतात. संध्याकाळी कणकण, अंगदुखी, लघवीला आग. तिसऱ्या वेळेला नर्स म्हणाली, थोडा ताप आला तर घाबरू नका, काम चाललंय त्याचं. ताप टिकला तर मात्र लगेच फोन करा.

चार वर्षं झाली. अजून तपासणीला जातो. दर वेळी आदल्या रात्री झोप येत नाही, ते बीसीजीने जात नाही.

रानवारा

काठावरचा, मनापासून आभार. तुमचा अनुभव या धाग्यातला सगळ्यात पक्का पुरावा आहे.

कॅल्मेट आणि गेरँ यांनी गाईच्या क्षयाचा जिवाणू १३ वर्षं पुन्हा पुन्हा वाढवून, २३० वेळा, दुबळा केला आणि १९२१ मध्ये लस म्हणून प्रथम दिला. १९७६ मध्ये कॅनडात अल्वारो मोरालेस यांनी तो मूत्राशयात सोडला, आणि १९९० मध्ये अमेरिकेत त्याला रीतसर मान्यता मिळाली. म्हणजे 'दुबळा जिवंत जंतू कॅन्सरपाशी नेऊन सोडायचा' ही कल्पना केव्हाच रोजच्या उपचारात आहे. जिवाणूंनंतर विषाणूही आले, २०१५ मध्ये मेलॅनोमासाठी सुधारलेला हर्पिस मान्य झाला. परजीवी अजून दाराबाहेर आहेत इतकंच.

ओवी

जंताच्या गोळ्यांचं राहिलंच की. त्यात काहीच नाही का? आमच्या नात्यात एकांनी कुत्र्यांच्या जंताचं औषध सुरू केलंय.

सूक्ष्मदर्शी

बंद करायला सांगा, किंवा निदान डॉक्टरांना सांगायला सांगा. ही अफवा हवेतून आलेली नाही म्हणूनच ती चिवट आहे. फेनबेंडाझोल, मेबेंडाझोल ही औषधं कृमीच्या पेशीतल्या ट्युब्युलिन या प्रथिनाला धरतात. केमोतली काही जुनी औषधंही, उदाहरणार्थ व्हिन्क्रिस्टिन, ट्युब्युलिनलाच धरतात. त्यामुळे डबीतल्या कॅन्सरपेशी या गोळ्यांनी मरतात यात नवल नाही. डबीतल्या पेशी साबणानेही मरतात. आयव्हरमेक्टिन या आणखी एका जंताच्या औषधाचं तसंच. २०१५ चं नोबेल ज्या कामाला मिळालं ते कृमींसाठी होतं आणि सार्थ होतं. कॅन्सरच्या रुग्णाला त्याने गुण येतो असं दाखवणारी चाचणी नाही. फेनबेंडाझोल स्वतःच्या मनाने घेऊन यकृताला इजा झाल्याच्या नोंदी मात्र आहेत, आणि केमो चालू असताना यकृत आधीच ताणात असतं.

अर्धवटराव

आत्याला काल धागा वाचून दाखवला. फोनवर, पाऊण तास. वारेचं आवडलं तिला, पारिनबद्दल हळहळली. मग म्हणाली, "जिवंत कशाला सोडायचा? मेलेला टोचला तर नाही का चालायचं? धोकाच नको." मला उत्तर येईना.

सूक्ष्मदर्शी

आत्यांना माझा नमस्कार सांगा. हाच प्रश्न त्या गटानेही स्वतःला विचारला. मारलेला टोक्सो टोचला, काम झालं नाही. पेशीला चिकटेल पण आत शिरू शकणार नाही असा केला, तरी नाही. त्याला आत शिरावंच लागतं. वाढावं मात्र लागत नाही.

२०१६ मध्ये त्याचं कारण थोडं उलगडलं. शिरताना आणि शिरल्यावर परजीवी पोटातल्या दोन प्रकारच्या पिशव्यांमधून प्रथिनं यजमान पेशीत सोडतो. एरवी ती पेशीला ताब्यात घ्यायची हत्यारं. त्यातली नेमकी काही काढून टाकली की कॅन्सरवरचा परिणामही जातो. म्हणजे शरीर केवळ 'परका आला' म्हणून पेटत नाही, परजीवी आत बसून ज्या कळा फिरवतो त्यावर पेटतं. मेलेला कळा फिरवणार कशा?

पुढचा रस्ता दोन बाजूंना जातो. काही जण म्हणतात ती प्रथिनं ओळखा आणि परजीवीशिवाय पोचवा. काही जण परजीवीच ठेवून त्याला दुसऱ्या औषधाची जोड देतात. २०२१ मध्ये एका वेगळ्या पांगळ्या वाणाला, ज्यातलं जीआरए१७ हे जनुक काढलं होतं, पीडी-एल१ हे प्रथिन रोखणाऱ्या अँटिबॉडीची जोड दिली. एलिसन आणि होंजो यांना २०१८ चं नोबेल ज्या प्रकारच्या उपचारासाठी मिळालं, त्यातलीच ही अँटिबॉडी. ती टी पेशींचा ब्रेक सोडते, पण गाठीत टी पेशीच नसतील तर ब्रेक सोडून काय उपयोग? परजीवी आधी त्यांना गाठीत खेचून आणतो. उंदरांत टोचलेली गाठ तर आटलीच, दूरची न टोचलेलीही आटली. उंदरांत, हे पुन्हा लिहिते.

माझं वैयक्तिक मत विचाराल तर माणसात जिवंत टोक्सो टोचायला मी स्वतः कचरेन. तो पांगळा आहे हे मी डोळ्यांनी पाहिलंय, तरी.

अर्धवटराव

सांगितलं आत्याला. काही बोलली नाही. मग रात्री मावसभावाला ग्रुपवरच लिहिलंन : "अजून उंदरांचंच चाललंय. माझा नंबर लागला की कळव. तोवर शुक्रवारी केमो आहे, सकाळी आठला गाडी घेऊन ये, आणि येताना मांजराला हात लावू नकोस."

त्यावर अंगठा आला.

कंदील

सूक्ष्मदर्शीताई, तो पेशीत शिरतानाचा व्हिडिओ असेल तर टाका ना. कंबर आवळतो ते बघायचंय.